पेशींची तुलना करायचं सॉफ्टवेअर : गावात बसून दोन महिने वापरल्यावर

आधीच सांगून ठेवतो, मी काही मोठा बायोइन्फॉर्मेटिक्सवाला, म्हणजे कंप्युटरवर जीवशास्त्राचा डेटा तपासणारा, नाही. एमएस्सी बायोटेक केलं, तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या पैशावर, शिकवतो, आणि सीएचबीवाल्याला उन्हाळ्यात तास नाही म्हणून पगार नाही, फक्त ऊन असते. तर एप्रिल-मे असे दोन महिने केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावात, कूलरसमोर लॅपटॉप ठेवून मी हे सगळं वापरून पाहिलं. एक नाही, चार-पाच प्रकार पाहिले, पण सूरा आणि सिन्याक या एका जोडीवरच जास्त वेळ गेला म्हणून हा रिव्ह्यू मुख्य करून तिचा. लॅपटॉप सेकंडहँड, ८ जीबी रॅमचा. नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, तो पण मोबाइल स्लॅबवर नेऊन ठेवला तर. हे आधी सांगायचं कारण, यूट्यूबवर जे लोक दहा मिनिटात होते म्हणून सांगतात त्यांच्याकडे कोणती मशीन असते ते कोणी सांगत नाही.

आता हे करायला कायले गेलो. मार्चमध्ये बीएस्सीच्या एका पोरीनं वर्गात विचारलं, सर, सगळ्या पेशीत डीएनए सारखाच आहे तर सिकलसेलमध्ये लाल पेशीच काऊन वाकडी होते, कातडीच्या पेशीत पण तीच चूक असेल ना? आमच्या भागात हा प्रश्न पुस्तकातला नाही. इथं सोयरीक जुळवताना एएस का एसएस विचारतात, आणि एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजारी, हे चौथी शिकलेल्या बाईलाही माहीत असते. मी म्हटलं, चूक सगळ्याच पेशीत आहे, ११ नंबरच्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनच्या (हा लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनचाच एक भाग) जीनमध्ये ए च्या जागी टी, एवढंच एक अक्षर, पण तो जीन चालू होतो फक्त लाल पेशी तयार होताना, बाकी ठिकाणी बंद. तर ती म्हणते, मंग चालू-बंद कोण करते सर? तिथं माझी दांडी गुल. म्हणून ठरवलं की सॉफ्टवेअर पारखायचं तर याच प्रश्नावर. उत्तर दाखवते का नाही, बाकी रंग-ढंग गेले चुलीत.

तर ती जोडी, सूरा आणि सिन्याक. दोन्ही आर नावाच्या प्रोग्रामिंग भाषेतली पॅकेजं, दोन्ही फुकट. सूरा न्यूयॉर्कच्या सतीजा लॅबचं, पहिला पेपर २०१५ चा, पाचवी आवृत्ती २०२३ ची. सिन्याक त्याचा धाकटा भाऊ, २०२१ चा. नावं फ्रान्सच्या दोन चित्रकारांची, जे ठिपके ठिपके टाकून चित्र काढायचे. माझे पोट्टे सूराला सरळ सुरत म्हणतात, मी पण आता दुरुस्त करणं सोडलं. सूरा काय पाहते, तर एकेका पेशीत कोणत्या जीनचा आरएनए (चालू जीनची निघणारी नक्कल) किती आहे, म्हणजे काम कोण करून राहिलं. सिन्याक पाहते की त्याच पेशीत डीएनएचा कोणता भाग उघडा आहे आणि कोणता गुंडाळून ठेवला. हा फरक ध्यानात ठेवा, पुढं सगळं यावरच आहे.

इन्स्टॉल करताना एक गोष्ट. विंडोजवर सूरा तयार मिळते, डाउनलोड झालं की झालं. मी मोठा शहाणा म्हणून लिनक्स टाकलं होतं, तिथं एकेक पॅकेज सोर्सपासून बनत बसते, सकाळी दहाला लावलं ते जेवण झालं, झोप झाली, चारचा चहा झाला तरी चालूच, आणि मधात लाईन गेली तो हिशोब वेगळा. सिन्याकसाठी बायोकंडक्टर नावाच्या, आरमधल्या जीवशास्त्राच्या साठ्यातली पॅकेजं पण लागतात, आणि माणसाच्या जीनोमचं पॅकेज एकटंच ७०० एमबीच्या आसपास आहे, तर ते रात्री बारानंतर लावा, दिवसाचा डेटा जपून.

सुरुवात सगळे जिथून करतात तिथूनच मी केली. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा नमुना डेटा आहे, २,७०० पेशी, फाइल दहा एमबीच्या आत, ही खरंच गावात बसून होण्यासारखी गोष्ट आहे. सूराचं ट्युटोरियल ओळ न ओळ समजावून सांगते, याला माझे पैकीच्या पैकी. पहिलं काम चाळणी. ज्या पेशीत मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या वीजघराचा, आरएनए जास्त ती बहुतेक फुटलेली, फेकून द्या, ट्युटोरियलमध्ये हद्द ५ टक्के. मी कमांड चालवली, सगळ्या पेशीत शून्य टक्के आलं, मी म्हटलं वा, काय स्वच्छ डेटा आहे! दोन दिवस त्याच आनंदात पुढं काम केलं. मंग लक्षात आलं की माणसाच्या डेटात हे जीन मोठ्या अक्षरात लिहिलेले असतात आणि उंदराच्या डेटात लहान, मी दुसऱ्या कुठल्या तरी कोडमधून उंदरावाली ओळ उचलली होती, म्हणून सॉफ्टवेअरला एकही जीन सापडला नाही आणि त्यानं इमानदारीत शून्य लिहून दिलं. एरर नाही, लाल अक्षर नाही, काही नाही. शिकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा की हे प्रोग्राम चूक सांगत नाहीत, तुम्ही जे विचारलं त्याचं उत्तर देतात. आणि ते ५ टक्के पण देवाचा शब्द नाही, रक्तासाठी ठीक आहे, हृदयाच्या स्नायूला ऊर्जाच एवढी लागते की तिथं मायटोकॉन्ड्रिया भरलेलेच असतात, तिथं ५ ची चाळणी लावली तर चांगलं धान्यही खाली पडते.

चाळणी नीट लावल्यावर २,६३८ पेशी उरल्या, मंग ते फेमस चित्र आलं, यूमॅप, ठिपक्यांचे रंगीत पुंजके. बाबा शेतातून आले, पाणी पिता पिता स्क्रीनकडे पाहून म्हणाले, "काय बे, एवढे पैशे लावून शिकवलं ते रांगोळी काढाले का?" मी म्हटलं, बाबा, एक ठिपका म्हणजे एक पेशी. ते म्हणे, "मंग यातली कोणती कोणाची, हे त्यावर लिवलेलं कुठी हाय?" आता पाहा, बाबांनी एका वाक्यात या सॉफ्टवेअरची खरी अडचण सांगितली. पुंजके ते पाडून देते, नाव देत नाही. ०, १, २, ३ असे आकडे देते फक्त. नाव आपल्याला द्यावं लागते, जीन पाहून. एमएस४ए१ दिसला तर बी पेशी, एनकेजी७ आणि जीएनएलवाय सोबत दिसले तर एनके, पीपीबीपी म्हणजे प्लेटलेट, सीडी१४ आणि एलवायझेड म्हणजे मोनोसाइट. याच्यासाठी जीवशास्त्र आलं पाहिजे, कोडिंग येऊन भागत नाही. उलट आमच्यासारख्यांना हीच एक गोष्ट फायद्याची आहे, कंप्युटरवाला पोट्टा कोड पटकन लिहिते पण पुंजक्याला नाव देताना आपल्याला फोन करते.

आणि त्या चित्रावर फार भरोसा ठेवू नका. दोन पुंजके जवळ दिसले म्हणजे त्या पेशी नात्यातल्याच असं नाही, यूमॅपमध्ये लांबच्या अंतराला फारसा अर्थ नसतो. पुंजके किती पडावे हे पण एका आकड्यावर आहे, रिझोल्युशन म्हणतात, तो वाढवला की पुंजके वाढतात, कमी केला की कमी. मी मुद्दाम वाढवत वाढवत नेला तर एकाच टी पेशीच्या गटाचे सहा तुकडे पडले, आणि प्रत्येक तुकड्याला त्यानं मार्कर, म्हणजे ओळखीचे, जीनही शोधून दिले! वावराचे तुकडे पाडणं सोपं आहे, प्रत्येक तुकड्यात वेगळी माती असेलच असं नाही.

आता रॅमची गोष्ट. २,७०० पेशीवर काही त्रास नाही. पण मला लाल पेशी पाहिजे होत्या, आणि लाल पेशी जिथं तयार होते ती जागा अस्थिमज्जा, म्हणून मी अस्थिमज्जेचा सार्वजनिक डेटा घेतला, ज्यात एकाच पेशीत आरएनए पण मोजलेला आहे आणि उघडा डीएनए पण. पेशी ७० हजारांच्या घरात. सगळ्या जीनवर स्केलिंगची, म्हणजे सगळे आकडे एका मापात आणायची, कमांड दिली आणि लॅपटॉप असा गप्प झाला की माउसही हलेना. दोष माझाच, हिशोब करायला पाहिजे होता. ७० हजार गुणिले २० हजार जीन, एका आकड्याला ८ बाइट, झाले ११ जीबीच्या वर, आणि माझ्याजवळ रॅम ८. तेच काम फक्त सगळ्यात जास्त बदलणाऱ्या २,००० जीनवर केलं की १ जीबीच्या थोडं वर लागते आणि उत्तरात फार फरक पडत नाही. पाचव्या आवृत्तीत डेटा रॅममध्ये न भरता डिस्कवरच ठेवून काम करायची सोय पण आहे, गरीब लॅपटॉपवाल्यांनी तीच धरावी. मी शेवटी १२ हजार पेशी निवडून घेतल्या आणि काम चालवलं.

इथून सिन्याक. हे ज्या डेटावर चालते त्याला अटॅक-सीक म्हणतात, २०१३ ची पद्धत. टीएन५ नावाचं एक एन्झाइम पेशीच्या केंद्रकात सोडायचं, जिथं डीएनए मोकळा असेल तिथंच ते घुसते आणि तुकडे करते, तुकडे जिथं जास्त पडले तो भाग उघडा. मी पोरांना पऱ्हाटीवरून सांगतो. एकाच बियाण्याच्या झाडात पानातही तोच डीएनए आणि बोंडातही तोच, पण पान काही कापूस देत नाही. पानात कापसाची कोठी बंद आहे, बोंडात उघडी. सूरा तुम्हाला सांगते की बोंडात कापूस आहे. अरे, तो तर दिसूनच राहिला! कुलूप कोणी काढलं, ते सिन्याकच्या बाजूनं पाहिलं तरच दिसते.

पण सिन्याकचा डेटा भल्ला विरळ असतो. एका पेशीत एका जागेच्या दोनच प्रती, त्यामुळं एकेका पेशीचं पाहिलं तर जिकडे तिकडे शून्यच. म्हणून एका प्रकारच्या पेशी एकत्र करून त्यांच्या आलेखाची एक पट्टी काढतात, डीएनए उघडा तिथं शिखर, बंद तिथं सपाट. गंमत म्हणजे यात जे गणित वापरलं ते कागदपत्रांमधले शब्द शोधायच्या पद्धतीतून आणलं, आणि त्याचा पहिला घटक बहुतेक वेळा काहीच जीवशास्त्र सांगत नाही, कोणत्या पेशीचे तुकडे जास्त वाचले गेले एवढंच सांगते, म्हणून तो सोडून दुसऱ्यापासून धरायचा. ट्युटोरियलमध्ये हे लिहिलेलं आहे पण एका ओळीत, नजर हुकली तर गेलं.

तर त्या पोरीचा प्रश्न. बीटा ग्लोबिनच्या आजूबाजूचा भाग काढला, लाल पेशीच्या पूर्वजांच्या पट्टीवर शिखरं उभी आणि टी पेशीच्या पट्टीवर सपाट मैदान. इथवर ठीक. मंग मी २ नंबरच्या गुणसूत्रावर बीसीएल११ए काढला. हा जीन कोण, तर जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करायला लावणारा. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असते, त्यात बीटा नसते, म्हणून एसएस असलेलं बाळ पण पहिले काही महिने बरं राहते, गर्भातलं हिमोग्लोबिन कमी होत गेलं की मंग दुखणं सुरू होते. आमच्याकडच्या मायांना हे पेपर न वाचता माहीत आहे. आता पट्टीवर पाहा. बीसीएल११ए बी पेशीतही चालू आहे आणि लाल पेशीच्या पूर्वजातही चालू आहे. नुसतं सूरा पाहिलं तर दोन्हीकडे रंग भरलेला, म्हणाल काही फरक नाही. पण सिन्याकमध्ये त्या जीनच्या दुसऱ्या इंट्रॉनमध्ये (जीनच्या मधला, प्रोटीन न बनवणारा भाग) लाल पेशीच्या पट्टीवर शिखरं दिसतात, आणि बी पेशीच्या पट्टीवर तिथं ती नाहीत. जीन तोच, पण दोन्ही घरी बटन वेगळं! मी रात्री साडेअकराला हे चित्र पाहून राहिलो होतो आणि खरं सांगतो, उठून अंगणात एक चक्कर मारून आलो.

हे मी शोधलं नाही, २०१३ मध्येच छापून आलं आहे, त्यातल्या एका जागेला प्लस ५८ म्हणतात आणि तिथं गाटा१ नावाचं प्रोटीन बसते. पुढं त्याच जागी कात्री लावून उपचार निघाला, कॅसजेव्ही, १६ नोव्हेंबर २०२३ ला ब्रिटननं आणि ८ डिसेंबरला अमेरिकेनं मंजूर केला. रुग्णाच्याच स्टेमसेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, काढून त्यात ते बटन तोडतात, लाल पेशीत बीसीएल११ए कमी होतो, गर्भातलं हिमोग्लोबिन परत येते, आणि बी पेशीचं बटन वेगळं असल्यानं तिचं काम चालू राहते. मंजुरीच्या वेळी अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर होती. त्यावर मी काही बोलत नाही, आमच्या पीएचसीत सिकलसेलवरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी वेळेवर मिळाली तरी लोक आशीर्वाद देतात.

इथंच सॉफ्टवेअरची एक खोड पण दिसली. त्या शिखरांवर कोणतं प्रोटीन बसत असेल असं विचारलं की ते अक्षरांचा नमुना पाहून यादी देते. यादीत गाटा१ आला, गाटा२ आला, आणि गाटा४ पण आला, जो हृदयाच्या कामाचा. कारण या खानदानाचा नमुना जवळपास सारखाच आहे. एकाच आडनावाचे पाच जण गावात असले तर नुसतं आडनाव सांगून पोस्टमनचं भागत नाही. मंग परत सूराकडे जायचं, त्या पेशीत यातला कोणता जीन खरंच चालू आहे ते पाहायचं, बाकीचे खोडायचे. म्हणून म्हणतो जोडीनंच वापरा, एकट्याला अर्थ नाही.

आजारी आणि निरोगी यांची तुलना करणाऱ्यांना एक भांडून सांगणं आहे. दोन पेशंट आणि दोन निरोगी माणसं, प्रत्येकाच्या पाच हजार पेशी, आणि सॉफ्टवेअर पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसायची शक्यता) देते दहाचा उणे शंभरावा घात वगैरे. पोट्टे खूश. अरे बाबा, एकाच वावरातली पाच हजार बोंडं मोजली म्हणून पाच हजार वावरं होत नाहीत, तुमच्याजवळ वावरं चारच आहेत. प्रत्येक माणसाच्या पेशी प्रकारानुसार एकत्र करा आणि मंग माणसाशी माणूस तोला, सूराच त्यासाठी फंक्शन देते, पण सुरुवातीच्या सोप्या कमांडमध्ये ते आपोआप होत नाही आणि नव्या माणसाला कोणी सांगत नाही.

ज्यांना इन्स्टॉलच्या भानगडीत पडायचं नाही त्यांच्यासाठी सेल-बाय-जीन आहे, झुकरबर्ग नवरा-बायकोच्या संस्थेचं, ब्राउझरमध्ये उघडते, काही डाउनलोड नाही. जीनचं नाव टाका, पेशीचे प्रकार उभे राहतात, ठिपका मोठा म्हणजे जास्त पेशीत चालू, गडद म्हणजे जास्त जोरात. मोबाइलवर बारीक दिसते पण वर्गात दाखवायला याच्यासारखं काही नाही. त्यात एशियन इम्यून डायव्हर्सिटी अ‍ॅटलासमधले भारतातले दाते पण आहेत हे पाहून बरं वाटलं, नाही तर सगळं रक्त गोऱ्यांचंच. बटनं पाहायला एनकोड प्रकल्पाची स्क्रीन नावाची वेबसाइट आहे, २०२० च्या पेपरमध्ये माणसाच्या अशा ९,२६,५३५ बटनासारख्या जागांची यादी होती, प्लस ५८ मी तिथं पाच मिनिटात काढली. आणि लाईन जाणाऱ्या गावासाठी माझ्या मते सगळ्यात कामाचं गॅलेक्सी, म्हणजे दुसऱ्याच्या कंप्युटरवर काम चालवून देणारी वेबसाइट, तिचा युरोपवाला सर्व्हर जर्मनीतून चालते, खातं फुकट, काम तिकडे लावून द्यायचं आणि इकडे खुशाल अंधार होऊ द्यायचा. दिसायला जुनाट आहे, रांगेत थांबावं लागते, पण थांबायची सवय आपल्याला कमी आहे का?

पैसेवाल्याबद्दल पण दोन शब्द. एका कंपनीचं सॉफ्टवेअर ट्रायलवर घेतलं, नाव नाही घेत. बटनं गोड, रंग गोड, पुंजक्यांना नावं पण आपोआप देते. माझ्या अस्थिमज्जेतल्या लाल पेशीच्या पूर्वजांना त्यानं "अनोळखी" लिहून दिलं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तेच अनोळखी! मी सगळी नावं हातानं बदलली, ट्रायल संपली, आणि माझीच नावं बाहेर काढायला लायसन्स मागून राहिले. फोनवरचा पोरगा सर सर करत होता, आणि किंमत विचारली की आधी संस्था कोणती ते सांगा म्हणे. मी म्हटलं, संस्था म्हणजे मी आणि माह्या बाबाचं वावर.

शेवटी सिनिक राहिलं, २०१७ चं, कोणतं प्रोटीन कोणकोणत्या जीनची दोरी ओढते त्याचे गट बांधून देते. कागदावर तर तेच माझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं. पण ते जे पीसायला घेते ते पीसतच बसते. काल संध्याकाळी १२ हजारातल्या ३ हजार पेशीवर लावलं, रात्रभर पंखा घरघर करत होता, माय दोनदा उठून आली, "बंद कर ना रे ते, जळून जाईन" म्हणून. आता सकाळचे नऊ झाले, ६० टक्के दाखवून राहिलं, आणि इन्व्हर्टर लाल लाईट देऊन राहिला. ती पोरगी अकराला येणार आहे पट्टीचं चित्र पाहायला, तेवढं मी रात्रीच पेनड्राइव्हवर काढून ठेवलं.